हँडल अर्धा इंच वर

दिल्लीला लोक किल्ले बघायला जातात, बदली रद्द करून घ्यायला जातात, नाहीतर कुणा मंत्र्याच्या बंगल्याबाहेर हात जोडून उभे राहायला जातात. मी सायकलचं हँडल बसवायला गेलो. मिरजेच्या फलाटावर ओळखीचे एक वकील भेटले. "दिल्ली? काय विशेष?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "कन्सल्टेशन आहे." माझ्या पिशवीतून लाकडी हातोडीचा दांडा डोकावत होता. वकील त्या दांड्याकडे बघत "असं, असं" म्हणाले आणि दुसऱ्या डब्याच्या दिशेने गेले.

पिशवीत आणखीही ऐवज होता. नटबोल्टचे पाने, षटकोनी एलन कींचा जुडगा, हँडलवर गुंडाळायची टेप, दोन किलो भडंग आणि दिनूची अकरा पत्रं. हा प्रवास मी सांगलीत दुकानावर बसून अनेकांना हसत हसत सांगितला आहे. पण निम्माच. उरलेला निम्मा आज पहिल्यांदा सांगतोय.

दिनू म्हणजे दिनकर. विशीत आम्ही सायकलच्या रेस मारायचो. म्हणजे मारायचा तो. मी त्याची सायकल जुळवायचो, हार त्याच्या गळ्यात पडला की शेजारी उभा राहून फोटोत यायचो, आणि गावभर सांगत सुटायचो की सीट मी पाव इंच मागे घेतली म्हणून पोरगं जिंकलं. पुढे तो परीक्षा देऊन केंद्र सरकारात लागला आणि दिल्लीला गेला, मी वडिलांच्या सायकल दुकानात बसलो. तो मला तेव्हापासून वस्ताद म्हणतो. दुसरं कुणी म्हणत नाही.

नव्वदनंतर देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात रोज छापून यायचं. दिनूपुरते ते असे उघडले, की वकिलातीतला एक परदेशी साहेब बदलून जाताना आपली रेसची सायकल दिनूला देऊन गेला. पत्रात त्याने तिचं जे वर्णन केलं होतं तसं लग्न ठरल्यावर वहिनींचंही केलं नव्हतं. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळलेलं, आणि ब्रेकच्या दांडीतच गिअर! दांडी आत ढकलली की गिअर बदलतो, मूठ सोडायला नको. आम्ही उमेदीत वाकून फ्रेमच्या नळीवरची गिअरची खुंटी चाचपायचो, त्यात एकदा दिनू उसाच्या गाडीत घुसला होता.

पण सहा महिन्यांनी पत्र आलं. उजव्या हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात.

असलं हँडल जुळवणं ही नाजूक गोष्ट आहे. ते फार खाली असेल तर अंगाचा भार तळव्यांवर येतो, फार पुढे असेल तर खांदे आखडतात. ब्रेकच्या रबरी मुठी वळणावर एक बोट खाली सरकल्या तरी मनगट मोडतं आणि हात झोपतो. त्यामुळे मला दुसरी शंकाच आली नाही. मी उलट टपाली कळवलं, हँडल अर्धा इंच वर घे. त्याने घेतलं. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा मुंग्या. मी कळवलं, मुठी एक बोट वर सरकव. पुन्हा पंधरा दिवस बरं. मग टेपखाली रबराची पट्टी. मग सीटचं नाक जरा वर. हवाई चपलेचा एक तुकडा कापून पाकिटातून पाठवला, ब्रेकची दांडी बोटांजवळ यावी म्हणून मागे पाचर मारायला. दोन वर्षं हे चाललं. शेवटी त्याने लिहिलं, "वस्ताद, तू स्वतःच ये." मी दुकान मेहुण्यावर टाकून निघालो. कारण पाच-सहाशे कोसांवरून हँडल जुळत नाही म्हणजे काय, हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता.

गाझियाबाद, पहिला दिवस

निजामुद्दीन स्टेशनवर दिनू घ्यायला आला होता. धुकं इतकं दाट, की त्याचा आवाज आधी आला आणि माणूस नंतर. पाय फाकवून, जमीन तपासत तपासत तो चालत होता. मी म्हटलं, "अरे, काय मंत्र्यासारखा चालतोस!" त्याने माझी पिशवी उचलली नाही, हमालाला हाक मारली. मी मनात नोंद केली: दिल्लीत पाहुण्याची पिशवी यजमान उचलत नाही.

प्रवासात परक्या गावच्या रीती टिपून ठेवायची मला हौस आहे. त्या दिवशी मी बऱ्याच रीती टिपल्या.

दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून दिनू-वहिनी वर्षापूर्वी गाझियाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आले होते. यमुना ओलांडली आणि नवी वस्ती लागली. रस्ते एवढे रुंद, की पलीकडे जाताना शिदोरी बांधून घ्यावी. एकही झाड नाही. इमारती पुढे धावत सुटलेल्या आणि दुकानं, दवाखाने, बस थांबे मागून येतोय म्हणून सांगून वाटेत कुठेतरी बसलेले. दोन सोसायट्यांच्या मधे मोहरीचं पिवळं शेत आणि त्यात एक म्हैस. वीज गेली की सगळ्या गच्च्यांवरचे जनरेटर एकदम बोंब ठोकत. दिनू तिसऱ्या मजल्यावर राहायचा. लिफ्टची जागा होती, लिफ्ट यायची होती.

सुनंदा वहिनींनी दार उघडलं. "या भावजी. आणलीत हत्यारं?"

"आणली."

"मग होऊ द्या एकदाचं," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. वहिनी मूळच्या तासगावच्या, हसायला कधी मागे न राहणाऱ्या. मी आणखी एक नोंद केली: दिल्लीची थंडी माणसाला कोरडं करते.

चहा झाला, मी भडंगाची पिशवी फोडली. दिनूने वाटी पुढे ओढली आणि म्हणाला, "सुनंदा, चमचा दे."

मी उठून उभाच राहिलो. "चमचा? भडंगाला चमचा? सांगलीचा ना तू? बाटवला रे तुला दिल्लीने! उद्या भाकरी काट्याने खाशील!"

दिनू पोट धरून हसला. वहिनी चमचा आणायला आत गेल्या. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

तो बिनबटणांचा कुर्ता घालायचा, बिनलेसचे बूट. मी म्हटलं, लखनवी नवाब. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरायचा. मी म्हटलं, इथली थंडी. प्रत्येक गोष्टीला माझ्यापाशी एक रीत तयार होती.

दुसरा दिवस, गच्चीवर

सकाळी अकराला धुकं विरलं आणि अख्खी सोसायटी उन्हात आली. थंडीत तिथे बायका गच्चीवर सतरंज्या टाकून ढिगाने मटार सोलतात, आणि बोलणीही तशीच सोलून होतात. कडेला मी माझा दरबार मांडला.

काम मी मन लावून केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. जुनी टेप सोडली. मधला बोल्ट चार आटे ढिला करून वर हातोडीचा एकच टोला दिला. हँडलचा दांडा मोकळा झाला. कोपर सीटच्या नाकाला टेकवून बोटांचं टोक हँडलपर्यंत पोचतं का, ते पाहिलं. मुठींचे पट्टे सैल करून त्या वळणावर अशा चढवल्या, की मनगटातून कोपरापर्यंत सरळ रेष यावी. खालून वर टेप गुंडाळली, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत. शेजारचे एक सरदारजी खुर्ची ओढून बसले होते. "भाईसाहब, आप तो सर्जन हो!" मी मान झुकवून दाद घेतली.

मग दिनूला सायकलवर बसवलं, सरदारजींनी मागून धरली. काय बैठक होती! पाठ अशी, की तिच्यावरून पाणी ओघळावं. कोपर किंचित वाकलेलं, खांदे खाली, हात मुठींवर जसे पक्षी बसावेत तसे. पंचवीस वर्षांपूर्वीचा दिनू. मला भरूनच आलं.

"आता उजवा गिअर बदल."

काही झालं नाही.

"अरे, दांडी आत ढकल."

"ढकलतोय," दिनू म्हणाला.

बोटं हलत नव्हती. मग त्याने मान वळवली, आपल्या बोटांकडे टक लावून पाहिलं, आणि तेव्हा कुठे ती हळूहळू, एकेक करत आत गेली. खट् आवाज झाला. "बघ, झालं की," तो म्हणाला आणि मान वर केली, तशी बोटं दांडीवरून आपोआप घसरली.

मी म्हटलं, "दांडी लांब आहे. चपलेचा तुकडा झिजला असणार."

दुपारी दिनू झोपल्यावर मी माप तपासायला बसलो. कुठेतरी अर्ध्या इंचाची चूक असणार. पत्रांत प्रत्येक वेळचं माप त्याने आकृती काढून दिलेलं होतं, म्हणून मी अकराही पत्रं गच्चीवर सतरंजीवर तारखेप्रमाणे ओळीने मांडली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक पाना ठेवला.

आणि मापं वाचायची राहिलीच. पहिल्या पत्रातलं अक्षर दिनूचं होतं, शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला त्यालाच उभं करायचे, तसं. चौथ्या पत्रात ओळी उतरायला लागल्या होत्या. सहाव्यात वेलांट्या अक्षरांपासून सुटल्या होत्या. त्या पत्राला मी उत्तर दिलेलं मला आठवलं: "कोंबडीचे पाय शाईत बुडवून कागदावर सोडलेस काय?" आठव्या पत्रापासून पत्रं आखूड झाली होती. मी समजलो होतो, साहेब झाला, वेळ नाही. अकराव्यात "ये" हा शब्द अर्ध्या पानभर होता. उभा राहून वरून पाहिलं तर ते सगळं एखाद्या माणसाच्या पावलांसारखं दिसत होतं, जो नीट चालत निघाला आणि वाटेत कुठेतरी फरपटायला लागला.

दोन वर्षं मी एकेक पत्र वाचत होतो. आकृती बघायची, माप बघायचं, उत्तर लिहायचं. अक्षर मी बघितलंच नव्हतं.

वहिनी पलीकडे मटार सोलत होत्या. माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो.

"दिसलं का भावजी?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही मला कळवायचं होतं."

"काय कळवणार? मी डॉक्टर म्हटलं की हे म्हणायचे, वस्तादने सांगितलंय, हँडलचा दोष आहे. मागच्या महिन्यात मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागला होता. गेले नाहीत. म्हणाले, वस्ताद येणार आहे, आधी त्याला बघू दे." त्यांनी शेंग मोडली. दाणे ताटात पडले. "देवाची कधी बघितली नाही एवढी मी तुमच्या हातोडीची वाट बघत होते. एकदा तुम्ही हरलात की हे दवाखान्यात जातील, एवढंच मला माहीत होतं."

संध्याकाळी मी दिनूसमोर बसलो. दुकानात गिऱ्हाईकाला फ्रेम वाकली आहे असं सांगताना मी नेहमी दोन विनोद आधी सांगतो. त्या दिवशी एकही सापडेना.

"दिनू, हँडल बरोबर आहे."

"मग?"

"मग हँडलात दोष नाही. उद्या आपण हॉस्पिटलात जायचं."

त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर जाऊ."

हॉस्पिटल

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी दिनूच्या मधल्या बोटाचं नख टिचकी मारून सोडलं. त्याबरोबर त्याचा अंगठा आपोआप आत उडाला. त्यांनी पुन्हा टिचकी मारली, पुन्हा अंगठा उडाला. मग एका रेषेवर टाचेला चवडा जोडत चालायला सांगितलं. रस्त्यावर शंभर मैल सायकल हाकलणारा माणूस चार पावलांत भिंतीला टेकला.

"कब से है?"

"दो साल."

"दो साल से क्या कर रहे थे आप?"

दिनूने डाव्या हाताने माझ्याकडे दाखवलं. "ये हमारे वस्ताद हैं. इनका इलाज चल रहा था."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी झेलला असता, त्यात माझी हयात गेली आहे. त्याच्या आवाजात जुन्या फोटोतला अभिमान होता.

बाई माझ्याकडे वळल्या. "आप डॉक्टर हैं?"

"नहीं जी. साइकिल की दुकान है."

त्या कागदावर लिहू लागल्या.

मानेचे फोटो निघायला आणि बघून व्हायला चार दिवस गेले. मानेतलं हाड वाढून आतल्या मज्जारज्जूला दाबत होतं. हात आणि पाय, दोन्ही तिथूनच निकामी होत चालले होते. हँडल वर केलं की मान मागे कमी मोडायची, म्हणून पंधरा दिवस बरं वाटायचं, हेही बाईंनी समजावून सांगितलं. म्हणजे माझा प्रत्येक उपाय बरोबर होता, आणि प्रत्येक उपायाने आजार झाकला.

"ऑपरेशन से आगे नहीं बढ़ेगा. जो चला गया, कितना लौटेगा, कह नहीं सकते. साल भर पहले आते तो बात और थी. और साइकिल बिल्कुल नहीं. एक झटका लगा, तो हाथ-पाँव दोनों."

आर. के. पुरम

परतताना दिनू म्हणाला, "चल, जुनी गल्ली दाखवतो." आर. के. पुरमच्या बाजारात एका बाकावर आम्ही छोले-कुलचे घेऊन बसलो. इथून पहाटे चारला तो नवी सायकल घेऊन निघायचा आणि दूधवाले यायच्या आत रिंग रोडवरून फिरून यायचा. समोर क्वार्टरच्या गॅलरीत कुणाचे तरी कपडे वाळत होते. आधी त्याने उजव्या हाताने घास घ्यायचा प्रयत्न केला, कुलचा द्रोणात पडला. मग इकडेतिकडे बघून डाव्या हाताने घेतला. त्याची आई असती तर हातावर फटका मारला असता.

"शिव्या दे," मी म्हणालो.

"कुणाला?"

"मला. वर्षभर आधी आलो असतो तर..."

"वस्ताद, गप." तो सावकाश चावत होता. "मला काय कळत नव्हतं? सही जुळत नाही म्हणून बँकेने ऑफिसचा कागद परत पाठवला होता. कळत होतं. डॉक्टर काहीतरी मोठं सांगणार, हेही कळत होतं. तू सांगायचास, अर्धा इंच. अर्धा इंच मला झेपत होता."

मला वाटतं, त्याने हे मला हलकं करायला सांगितलं. मी हलका झालो नाही. समोरचा माणूस भ्यालेला आहे हे ओळखून त्याला धक्का देणं, हेच वस्तादाचं काम. भीती मी गोंजारली होती, दर दोन महिन्यांनी, टपालाने.

पुढे ऑपरेशन यथासांग झालं. पायांचं चालणं थांबलं नाही, ते जरा सुधारलंही. उजव्या हाताची बोटं मात्र होती तिथेच राहिली. पण मला सांगायची आहे ती त्याआधीची, मी निघायच्या दिवशीची सकाळ.

निघायच्या दिवशी

दोन दिवसांनी दिनू हॉस्पिटलात भरती व्हायचा होता. मला जाग आली तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात माझ्यासाठी दशम्या करत होत्या. दिनू आणि सायकल दोन्ही जाग्यावर नव्हते.

मी जिने उतरत धावलो. सोसायटीच्या फाटकाबाहेर तो नवा रुंद रस्ता रिकामा पडला होता. धुकं गुडघ्याएवढं उतरलेलं, वर कोवळं ऊन. तिसऱ्या मजल्यावरून सायकल त्याने कशी खाली आणली, मला अजून माहीत नाही. ती दोन्ही पायांमधे घेऊन तो उभा होता. हात मुठींवर होते, उजव्या हाताकडे बघून बोटं एकेक करून त्याने दांडीवर बसवली होती. मी जुळवलेली ती बैठक, एका केसाचा फरक नाही.

"डॉक्टर काही का म्हणेना," तो म्हणाला. "वस्ताद, तू सांग. त्या वळणापर्यंत जाऊन येतो. एकच चक्कर."

रस्ता सपाट होता. एकही वाहन नव्हतं. वळण दोन फर्लांगांवर असेल. मी शेजारून धावलो असतो, सीटला मागून धरलं असतं. माझ्या तोंडात होकार तयार होता, दोन वर्षं मी तोच देत आलो होतो.

"नको," मी म्हणालो.

तो वाद घालेल म्हणून मी वाट बघितली. त्याने वाद घालावा अशी माझी फार इच्छा होती.

"बरं," दिनू म्हणाला. त्याने बोटांकडे बघत ती एकेक करून सोडवली आणि सायकल माझ्या हातात दिली.

तो कठडा धरून जिना चढू लागला. मी सायकल खांद्यावर घेतली आणि मागून निघालो. प्रत्येक वळणावर तो दम खायला थांबला, आणि मीही दोन पायऱ्या खाली थांबलो.